एक तारखेचा जॉब चुकतो तेव्हा: रुबी अनुप्रयोगातील शेड्युलरचे समस्या निवारण

मुंबईतील सहकारी गृहनिर्माण संस्थांची मासिक देखभाल बिले काढणारा एक रेल्स (रुबी भाषेतील वेब-चौकट) अनुप्रयोग आम्ही सांभाळतो. मुलुंडपासून दहिसरपर्यंतच्या संस्थांचे सचिव आणि खजिनदार तो वापरतात. महिन्याच्या एक तारखेला रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी एका जॉबने (पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामाने) सर्व सदनिकांची बिले तयार करावीत, आणि सकाळी नऊ वाजता दुसऱ्या जॉबने थकबाकीदारांना एसएमएस पाठवावेत, एवढीच शेड्युलरकडून, म्हणजे ठरलेल्या वेळी जॉब लावणाऱ्या घटकाकडून, अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तक्रारी तीन तऱ्हेच्या येतात: कधी बिले निघालेलीच नसतात, कधी एकाच महिन्याची दोन-दोन निघतात, तर कधी निघतात पण भलत्याच वेळी. दर वेळी कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतो, अडलेले काम पुढे सरकते, तिकीट बंद होते आणि एक-दोन महिन्यांनी तेच तिकीट नव्या क्रमांकाने पुन्हा उघडते.

हा दोष वारंवार येण्याचे मुख्य कारण शेड्युलरमध्ये नसून त्या रीस्टार्टमध्येच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रीस्टार्टने लक्षण जाते आणि लक्षणाबरोबर पुरावाही जातो. कोणती प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) कोणत्या क्यूवर (जॉबच्या रांगेवर) बसली होती, तिच्यातील कोणता थ्रेड (कामाचा धागा) कुठे अडकला होता, जॉब साठवणाऱ्या रेडिस या स्मृतीतील डेटाबेसमध्ये त्या क्षणी काय होते, हे सगळे एका आज्ञेने पुसले जाते, आणि मग पुढच्या वेळी तपास पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. म्हणून पुढील विवेचनात दुरुस्तीइतकेच महत्त्व निदानाच्या क्रमाला दिले आहे.

येथे गृहीत धरलेली रचना सर्वत्र आढळणारी आहे: रेल्स, जॉब चालवण्यासाठी साइडकिक, त्यामागे रेडिस, वेळापत्रकासाठी साइडकिक-क्रॉन, आणि काही जुन्या कामांसाठी व्हेनेव्हर या जेमने (रुबीच्या जोड-लायब्ररीने) लिहिलेला सर्व्हरचा क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉन या प्रणालीने ठरलेल्या वेळी चालवायच्या आज्ञांची यादी. रेल्स ८ पासून नव्या अनुप्रयोगांत सॉलिड क्यू हा पर्याय आपोआप येतो आणि त्यात रेडिस लागत नाही, परंतु खालील बहुतेक मुद्दे त्यालाही लागू पडतात.

रीस्टार्ट करण्यापूर्वी

"जॉब चालला नाही" हे वाक्य तिकिटात लिहिले जाते तेव्हा त्यात चार वेगवेगळ्या शक्यता दडलेल्या असतात. वेळ झाली तरी शेड्युलरने जॉब क्यूमध्ये टाकलाच नाही. टाकला, पण कोणत्याही वर्करने (जॉब चालवणाऱ्या घटकाने) तो उचलला नाही. उचलला, पण मध्येच मेला. किंवा व्यवस्थित पूर्ण झाला, पण चुकीच्या महिन्यासाठी किंवा चुकीच्या डेटाबेसवर. फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी लागली म्हणजे ती फलाटावर आली असे होत नाही, तसेच साइडकिक-क्रॉनच्या पानावर "शेवटची वेळ" बरोबर दिसली म्हणजे जॉब चालला असे होत नाही; ती वेळ केवळ क्यूमध्ये टाकल्याची असते. या चारपैकी नेमके काय झाले हे ठरेपर्यंत कशालाही हात लावू नये.

ते ठरवण्यासाठी प्रथम साइडकिकच्या वेब पानावरील चालू प्रोसेसची यादी पाहावी. तेथे प्रत्येक प्रोसेसचे यजमान नाव, ती ऐकत असलेल्या क्यू आणि थ्रेडची संख्या दिसते. यादी रिकामी असेल तर पुढे शोधण्यासारखे फारसे उरत नाही: साइडकिक बंद आहे, आणि साइडकिक-क्रॉन हा साइडकिकच्या प्रोसेसमध्येच राहत असल्यामुळे वेळापत्रकही बंद आहे. येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ठरलेल्या मिनिटाला प्रोसेस बंद असेल, आणि त्यानंतर सुमारे एक मिनिटाच्या सवलतीतही ती उठली नाही, तर ती पाळी कायमची चुकते. प्रोसेस तासाभराने उठली म्हणून राहिलेला जॉब आपोआप लागत नाही. दर पाच मिनिटांनी चालणाऱ्या कामात हे कोणाला जाणवत नाही, पण महिन्यातून एकदा चालणाऱ्या कामात एक पाळी चुकणे म्हणजे पूर्ण महिना चुकणे होय. डिप्लॉय (नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवणे) रात्री बाराच्या सुमारास करण्याची सवय असलेल्या संघांनी याची विशेष नोंद घ्यावी.

यादीत प्रोसेस दिसत असतील आणि सर्व थ्रेड व्यग्र असतील, तर त्या प्रोसेसला टीटीआयएन सिग्नल द्यावा. साइडकिक ७ मध्ये हा सिग्नल मिळताच प्रत्येक थ्रेड कोडच्या कोणत्या ओळीवर उभा आहे याची पूर्ण साखळी लॉगमध्ये लिहिली जाते, आणि काम थांबत नाही. अडकलेल्या प्रोसेसचे निदान करण्यासाठी याहून स्वस्त साधन मला ठाऊक नाही. तरीही रीस्टार्टची सवय एवढी खोल असते की ते फारसे वापरले जात नाही.

त्यानंतर लॉगमध्ये जॉबचा ओळखक्रमांक, म्हणजे जेआयडी, शोधावा. साइडकिक प्रत्येक जॉबसाठी सुरुवातीची एक ओळ आणि शेवटी "झाला" किंवा "फसला" यांपैकी एक ओळ लिहितो. सुरुवातीची ओळच नसेल तर जॉब उचलला गेलेला नाही. सुरुवात आहे पण शेवट नाही, तर प्रोसेस मध्येच मेली. सुरुवात आणि शेवट दोन्ही आहेत आणि तरीही बिले नाहीत, तर गडबड तारखेची किंवा डेटाबेसची आहे. एवढे कळले की तपासाचा तीन-चतुर्थांश भाग संपला.

साडेपाच तासांचा फरक

भलत्या वेळी चालणाऱ्या जॉबच्या बाबतीत चुकीची वेळच बहुधा कारण सांगून जाते, म्हणून तक्रारीतील वेळ अगदी मिनिटापर्यंत लिहून घ्यावी. सकाळी नऊचे एसएमएस दुपारी अडीच वाजता गेले, तर वेळापत्रकातील नऊ हे यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळेचे) नऊ समजले गेले आहेत. रात्री बारा पाचची बिले पहाटे पाच पस्तीसला निघाली, तरी कारण तेच. पण बिले एक तारखेऐवजी दोन तारखेला रात्री बारा पाचला निघाली, तर कोणीतरी साडेपाच तास वजा करून तास बदलला आहे आणि तारीख मात्र तशीच ठेवली आहे: मुंबईत एक तारखेचे बारा पाच वाजलेले असतात तेव्हा यूटीसीनुसार आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचे सायंकाळचे सहा पस्तीस झालेले असतात, आणि क्रॉनमध्ये "३५ १८ १ * *" (मिनिट, तास, तारीख, महिना, वार या क्रमाने) लिहिले की जॉब बरोबर चोवीस तास उशिरा चालतो.

आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस २८, २९, ३० किंवा ३१ यांपैकी कोणताही असू शकतो, आणि साध्या क्रॉनमध्ये "महिन्याचा शेवटचा दिवस" लिहिण्याची सोय नाही. यावर २८ ते ३१ या चारही दिवशी जॉब लावायचा आणि आत "उद्या एक तारीख आहे का" हे तपासायचे, असा उपाय काही ठिकाणी केलेला आढळतो. तो चालतो; पण सहा महिन्यांनी तो कोड वाचणाऱ्याला त्यामागचे कारण समजत नाही, आणि एखादा उत्साही सहकारी तो "स्वच्छ" करून टाकतो.

सर्व्हर क्लाउडच्या मुंबई विभागात आहे म्हणून त्याचे घड्याळ मुंबईचे असेल, हा समज येथे बराच घात करतो. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून सुरू आहे, पण तेथील यंत्रांची आणि जवळपास सर्व डॉकर (अनुप्रयोग कंटेनरमध्ये बांधून चालवणारे साधन) प्रतिमांची घड्याळे यूटीसीवरच असतात, आणि तशीच असणे योग्यही आहे. रेल्सच्या मांडणीत कालक्षेत्र म्हणून "मुंबई" असे लिहिता येते. रेल्सने चेन्नई, कोलकाता, मुंबई आणि नवी दिल्ली ही चारही नावे एकाच "एशिया/कोलकाता" या क्षेत्राला जोडलेली आहेत. परंतु ही मांडणी रेल्सपुरती आहे. सर्व्हरचा क्रॉनटॅब तिच्याकडे पाहत नाही, आणि रुबीची मूळ "टाइम.नाऊ" व "डेट.टुडे" ही आवाहनेही (कॉल) पाहत नाहीत. (मुंबईच्या घड्याळाचा हट्ट तसा जुना आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली तरी ग्रीनिचहून चार तास एकावन्न मिनिटे पुढे असलेला "बॉम्बे टाइम" शहरात १९५५ पर्यंत टिकून होता. निदान त्या काळात शेड्युलर तरी नव्हते.)

यातून निर्माण होणारा दोष सर्वांत फसवा आहे, कारण त्यात जॉब वेळेवर चालतो, लॉगमध्ये "झाला" असे येते, आणि बिलांवर महिना मात्र मागचा पडतो. एक एप्रिलला रात्री बारा पाच वाजता यूटीसी घड्याळावर ३१ मार्च असतो, "डेट.टुडे" ३१ मार्च हेच उत्तर देते, जॉब मार्चची बिले काढायला जातो, ती आधीच निघालेली असतात, आणि मग कोड जसा लिहिला असेल त्याप्रमाणे तो एकतर काहीच न करता आनंदाने संपतो किंवा मार्चची दुसरी बिले काढतो. विकासकाच्या लॅपटॉपचे घड्याळ भारतीय वेळेवर असल्यामुळे हा दोष तेथे कधीही दिसत नाही. म्हणून संपूर्ण कोडमध्ये "डेट.टुडे" शोधून त्याजागी "डेट.करंट", आणि "टाइम.नाऊ" शोधून त्याजागी "टाइम.करंट" लिहावे, ही दोन्ही रूपे रेल्सच्या मांडणीतील कालक्षेत्र मानतात. जेमच्या आतील कोड तपासायला विसरू नये, विशेषतः पीडीएफ बनवणारा.

वेळापत्रकाच्या ओळीच्या शेवटी कालक्षेत्र स्पष्टपणे लिहावे. साइडकिक-क्रॉन ज्या फुजिट जेमने ही ओळ वाचतो, त्याला "५ ० १ * *" यानंतर "एशिया/कोलकाता" हे नाव समजते, आणि मग तास व तारीख दोन्ही मुंबईच्या हिशेबाने लिहिता येतात. नाव अधिकृत सूचीतलेच हवे. त्या सूचीत "एशिया/मुंबई" असे क्षेत्र नाही. "आयएसटी" हे लघुरूप टाळावे, कारण इस्रायल आणि आयर्लंड हेही देश आपल्या वेळेसाठी तीच तीन अक्षरे वापरतात.

तरीही माझी शिफारस याच्या एक पाऊल पुढची आहे. भारतीय वेळेनुसार मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळात तारखेवर अवलंबून असलेला कोणताही जॉब ठेवूच नये. या साडेपाच तासांत मुंबईची तारीख आणि सर्व्हरची तारीख वेगळी असते. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत दोन्हींची तारीख एकच असते. बिलांचा जॉब सकाळी साडेसहाला हलवला की यूटीसीनुसार त्याच तारखेचा एक वाजलेला असतो, आणि कोणी "डेट.टुडे" लिहून गेले तरी उत्तर बरोबर येते. आम्ही हा बदल केला तेव्हा एकाही खजिनदाराने, बिल सहा तास उशिरा का आले, असे विचारले नाही. बारा पाच ही वेळ मुळात ज्याने ठरवली त्यालाही ती का ठरवली हे आठवत नव्हते.

जॉब लागला, पण उचलला गेला नाही

क्यूमध्ये जॉब दिसतो आहे आणि पुढे सरकत नाही, तर क्यूचे नाव आधी पाहावे. साइडकिकला वेगळे सांगितले नसेल तर तो फक्त "डिफॉल्ट" नावाची क्यू ऐकतो. कोणी जॉबच्या वर्गात "बिलिंग" असे क्यूचे नाव लिहिले आणि साइडकिकच्या मांडणीत ते जोडले नाही, तर जॉब तेथे अनंतकाळ पडून राहतो आणि कोठेही त्रुटी नोंदवली जात नाही. रेल्सची आवृत्ती बदलतानाही असे घडते: रेल्स ६.१ च्या नव्या मांडणीआधी नंतर पाठवायच्या ईमेलची क्यू "मेलर्स" असे.

नाव बरोबर असूनही विलंब होत असेल तर क्यूची लेटन्सी, म्हणजे सर्वांत जुना जॉब किती वेळ ताटकळतो आहे, ती पाहावी. जॉबची संख्या पाहून फारसे कळत नाही. आमच्याकडे ३१ मार्चला रात्री आर्थिक वर्ष संपते म्हणून अनेक खजिनदार ताळेबंदाचे मोठे एक्सेल अहवाल मागवतात, आणि बिलांचा जॉब त्या अहवालांच्या मागे त्याच रांगेत उभा राहत असे. शेड्युलरने आपले काम मिनिटभरही न चुकता केलेले असे. अशा वेळी बिलांना स्वतंत्र क्यू आणि, शक्य असल्यास, स्वतंत्र प्रोसेस द्यावी.

बाहेरच्या सेवेला केलेली आवाहने हे दुसरे मोठे कारण होय. रुबीच्या नेट-एचटीटीपी या वेब-विनंत्या पाठवणाऱ्या लायब्ररीत जोडणीसाठी ६० सेकंद आणि उत्तर वाचण्यासाठी ६० सेकंद अशी मूळ मर्यादा असते. साइडकिक ७ मध्ये मूळ थ्रेडसंख्या ५ आहे. एसएमएस गेटवे उत्तर देईनासा झाला आणि प्रत्येक थ्रेड ६० सेकंद वाट पाहू लागला, तर मिनिटाला पाचच संदेशांचा निकाल लागतो. तीन हजार संदेश असतील तर सकाळी नऊला सुरू झालेले काम संध्याकाळी सातपर्यंत चालते आणि दरम्यान त्या क्यूमधले बाकी सर्व जॉब थांबून राहतात. वर सांगितलेला टीटीआयएन सिग्नल दिला तर पाचही थ्रेड उत्तर वाचण्याच्या त्याच ओळीवर उभे असलेले दिसतात. या मर्यादा पाच-दहा सेकंदांवर आणाव्यात. रुबीच्या "टाइमआउट" खंडात सगळे गुंडाळून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. तो थ्रेडला कोणत्याही ओळीवर मध्येच तोडतो आणि डेटाबेसची जोडणी अर्धवट अवस्थेत सोडू शकतो.

जॉब क्यूमध्येही नाही आणि लॉगमध्येही नाही, अशी तक्रार असेल तर दोन शंका घ्याव्यात. पहिली शंका रेडिसवर. कॅशे (तात्पुरता साठा) आणि साइडकिक एकाच रेडिसवर ठेवले असतील आणि स्मृती भरल्यावर जुन्या नोंदी काढून टाकण्याचे धोरण लावलेले असेल, तर रेडिस कॅशेबरोबर जॉबच्या नोंदीही काढून टाकतो. रेडिसच्या "इन्फो" आज्ञेच्या उत्तरात काढून टाकलेल्या नोंदींची संख्या शून्याहून अधिक असेल तर पुढचा पुरावा शोधण्याची गरज नाही. साइडकिकच्या रेडिसला "नोएव्हिक्शन" (काहीही काढू नये) हेच धोरण असले पाहिजे, आणि कॅशेचा रेडिस वेगळा असला पाहिजे.

दुसरी शंका अधिक मजेदार आहे. चाचणी सर्व्हर, म्हणजे स्टेजिंग, चुकून मुख्य रेडिसला जोडलेला असेल, तर त्यावरचा साइडकिक मुख्य सर्व्हरचे जॉब उचलतो, प्रामाणिकपणे चालवतो, आणि बिले चाचणीच्या डेटाबेसमध्ये टाकतो. बाहेरून पाहणाऱ्याला काही जॉब चालतात आणि काही हवेत विरतात असे वाटते. साइडकिकच्या प्रोसेस यादीत अनोळखी यजमान नाव दिसले की हा प्रकार ओळखावा. कधी कधी ते एखाद्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपचे निघते.

एकाच महिन्याची दोन बिले

अंधेरीच्या एका संस्थेच्या खजिनदार बाईंनी फोनवर केलेली तक्रार मी शब्दशः नोंदवून ठेवली आहे, कारण तीत अर्धे निदान होते: "अहो, ए विंगला दोन-दोन बिलं आलीत आणि सी विंगला एकही नाही. बी विंगला काहींना एक, काहींना दोन. नेमकं भरायचं काय आम्ही?"

शेड्युलरने जॉब दोनदा लावला असता तर तिन्ही विंगांना दोन-दोन बिले आली असती. ए ला दोन, बी ला मिश्र आणि सी ला काहीच नाही, याचा अर्थ जॉब एकदाच लागला, ए पासून सुरू झाला, बी मध्ये कोठेतरी तुटला, पुन्हा ए पासून सुरू झाला आणि पुन्हा बी मध्येच तुटला. लॉगमध्ये एकाच जेआयडीच्या दोन सुरुवाती होत्या आणि शेवट एकही नव्हता.

दोन्ही वेळा तुटण्याची कारणे वेगळी होती आणि ती वेगळी ओळखणे महत्त्वाचे आहे. पहिल्या वेळी प्रोसेसला टर्म सिग्नल, म्हणजे थांबण्याची सूचना, मिळाला होता. साइडकिक अशा वेळी चालू जॉबना संपण्यासाठी २५ सेकंद देतो, आणि तेवढ्यात न संपलेले जॉब रेडिसमध्ये परत ठेवतो, म्हणजे नवी प्रोसेस ते उचलून पहिल्या ओळीपासून चालवते. दुसऱ्या वेळी स्मृती संपल्यामुळे लिनक्सच्या कर्नेलने (प्रणालीच्या गाभ्याने) प्रोसेस थेट मारली. त्याची नोंद साइडकिकच्या लॉगमध्ये नसते, कर्नेलच्या लॉगमध्ये असते. अशा मृत्यूत काहीही परत ठेवले जात नाही: साइडकिकची विनामूल्य आवृत्ती जॉब उचलतानाच रेडिसमधून काढते, त्यामुळे प्रोसेसबरोबर तो जॉबही जातो. सशुल्क प्रो आवृत्तीत यावर उपाय आहे.

डॉकर वापरणाऱ्यांसाठी येथे आणखी एक सापळा आहे. डॉकर कंटेनर थांबवताना टर्म सिग्नल दिल्यावर मुळात दहाच सेकंद थांबतो आणि नंतर प्रोसेस मारतो. साइडकिकला हवे असतात पंचवीस. म्हणजे दहा सेकंदांत न संपणारा प्रत्येक जॉब दर डिप्लॉयला हरवू शकतो, आणि तो हरवल्याची त्रुटी कोठेही दिसत नाही. कंटेनरची थांबण्याची मुदत तीस सेकंदांहून अधिक ठेवावी. कंटेनरची सुरुवातीची आज्ञा शेलच्या (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आवरणातून दिली असेल तर सिग्नल शेलपाशीच अडतो आणि साइडकिकपर्यंत पोहोचत नाही, हेही तपासून घ्यावे.

दुरुस्तीचा गाभा मात्र कोडमध्येच आहे. सर्व संस्थांची बिले एका मोठ्या जॉबमध्ये काढू नयेत. एका मूळ जॉबने प्रत्येक संस्थेसाठी एक लहान जॉब लावावा, आणि बिलाचा महिना त्या लहान जॉबला "२०२५-०४" अशा साध्या मजकुराच्या रूपात सोबत द्यावा. महिना सोबत देण्याचे कारण असे की साइडकिक फसलेला जॉब मुळात २५ वेळा, वाढत्या अंतराने सुमारे वीस दिवस, पुन्हा चालवून पाहतो. महिनाअखेरीस कोणी हाताने लावलेला आणि फसलेला जॉब पुढच्या महिन्यात यशस्वी झाला, आणि महिना त्याने चालण्याच्या क्षणी ठरवला, तर बिल चुकीच्या महिन्याचे निघते. मजकुराच्या रूपात देण्याचे कारण असे की साइडकिक जॉबची माहिती जेसनमध्ये (साध्या मजकुराच्या मांडणीत) साठवतो आणि तारखेची वस्तू त्यात तशीच राहत नाही. साइडकिक ७ तर ती थेट नाकारतो.

आणि डेटाबेसमध्ये सदनिका व महिना या जोडीवर अद्वितीय निर्देशांक (यूनिक इंडेक्स, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा न नोंदवू देणारे बंधन) असलाच पाहिजे. "बिल आधी आहे का ते पाहा, नसेल तर काढा" एवढी तपासणी पुरेशी नाही, कारण दोन थ्रेड एकाच क्षणी पाहू शकतात आणि दोघांनाही "नाही" हेच उत्तर मिळू शकते. रेडिसमधील कुलूप उपयुक्त आहे, पण त्याला मुदत असते, आणि जॉब मुदतीपेक्षा लांबला की कुलूप उघडते. अद्वितीय निर्देशांकाला मुदत नसते. दुसरी नोंद डेटाबेस नाकारतो, जॉबने ती त्रुटी पकडावी आणि "आधीच झाले" असे समजून शांतपणे पुढच्या सदनिकेकडे जावे. थकबाकीवरील व्याजाची नोंदही अशीच बांधावी. दोनदा आलेले बिल रद्द करता येते, पण खातेवहीत दोनदा चढलेले व्याज तीन महिन्यांनी सापडते तेव्हा त्यावर पुढचे हिशेब उभे राहिलेले असतात. एसएमएस किंवा ईमेल पाठवण्याचे काम बिलाची नोंद पक्की झाल्यानंतरच, वेगळ्या जॉबने करावे.

क्रॉनटॅबची जुनी भुते

व्हेनेव्हरने लिहिलेली कामे चालत असतील तर दुबार बिलांचा पहिला संशय तेथे घ्यावा, कारण दोन सर्व्हर असले की दोन क्रॉनटॅब असतात आणि त्यांना एकमेकांची खबर नसते. डिप्लॉयमध्ये हे काम एकाच सर्व्हरच्या भूमिकेला बांधावे. व्हेनेव्हर आपल्या ओळी ज्या ओळखनावाने लिहितो ते मुळात वेळापत्रकाच्या फाइलचा पूर्ण पत्ता असतो. दर डिप्लॉयला नवी फोल्डर बनत असेल तर पत्ता बदलतो, जुन्या ओळी तशाच राहतात, आणि क्रॉनटॅबमध्ये एकाच कामाच्या चार-पाच प्रती साचतात. ओळखनाव स्वतः ठरवून द्यावे.

क्रॉनमधून काम सुरूच होत नसेल तर कारण बहुधा पाथ (प्रोग्रॅम शोधण्याच्या ठिकाणांची यादी) असतो: क्रॉनला लॉगिन केलेल्या वापरकर्त्याचे वातावरण मिळत नाही, त्यामुळे आरबीएन्व्ह या आवृत्ती-साधनाने बसवलेली रुबी त्याला सापडत नाही. हाताने चालवले की चालते आणि क्रॉनमधून चालत नाही, हे याचे ठरलेले लक्षण.

साइडकिक-क्रॉनलाही एक भूत आहे. वेळापत्रकाच्या फाइलमधून एखादी नोंद काढून टाकली तरी ती रेडिसमध्ये जिवंत राहते आणि चालतच राहते. फाइल वाचताना उद्गारचिन्ह असलेली पद्धत वापरली तरच फाइलमध्ये नसलेल्या नोंदी रेडिसमधून काढल्या जातात. रुफस-शेड्युलर थेट प्यूमा या वेब सर्व्हरच्या आत चालवणाऱ्यांची अवस्था मात्र कठीण असते. प्यूमा अनेक वर्कर प्रोसेस चालवत असेल तर प्रत्येक प्रोसेसमध्ये एक शेड्युलर तयार होतो, आणि अनुप्रयोग आधी चढवून मग फोर्क (प्रोसेसची प्रत) करत असेल तर फोर्कनंतर शेड्युलरचा थ्रेड वर्करमध्ये उरतच नाही. म्हणजे काम एकतर अनेकदा होते किंवा अजिबात होत नाही. वेब सर्व्हरच्या पोटात शेड्युलर ठेवू नये.

पुढच्या एक तारखेसाठी

जॉब चालला नाही ही बातमी संस्थेच्या खजिनदाराकडून कळणे टाळायचे असेल, तर जॉब फसल्याची सूचना पुरेशी नाही, कारण जो जॉब लागलाच नाही तो फसतही नाही. तपासणी परिणामाची असावी. बिलांचा जॉब साडेसहाला असेल तर साडेसातला एक लहान स्क्रिप्ट डेटाबेसला दोन आकडे विचारते: चालू संस्थांतील सदनिका किती आणि या महिन्याची बिले किती. आकडे जुळले नाहीत तर ती संघाला संदेश पाठवते. ही स्क्रिप्ट साइडकिकमध्ये ठेवू नये आणि त्याच सर्व्हरवरही ठेवू नये, अन्यथा सर्व्हर पडला की पहारेकरीही पडतो. आमची स्क्रिप्ट वेगळ्या यंत्राच्या साध्या क्रॉनवर आहे, आणि आकडे जुळले तरी ती "तपासले, जुळले" असा संदेश पाठवते, म्हणजे एक तारखेला आठ वाजेपर्यंत कोणताच संदेश आला नाही तर स्क्रिप्टच बंद आहे हे समजते.

चुकलेला महिना भरून काढायचा असेल तर मूळ जॉब रेल्सच्या कन्सोलमधून महिना स्पष्ट देऊन लावावा. अद्वितीय निर्देशांक असेल तर तो सर्व संस्थांसाठी लावायलाही हरकत नाही. ज्यांची बिले निघाली आहेत त्यांच्या नोंदी नाकारल्या जातील आणि राहिलेल्यांची तेवढी निघतील. निर्देशांक अजून घातलेला नसेल, तर आधी दुबार नोंदी शोधून काढाव्यात, कारण त्या असेपर्यंत डेटाबेस तो निर्देशांक बनवू देणार नाही. आणि त्या काढताना ज्या बिलावर सदस्याने पैसे भरले आहेत तेच बिल ठेवावे, मग ते आधीचे असो की नंतरचे.